ट्रॅक की रस्ता?

ऐरोलीतल्या माझ्या पुतणीला गुडघ्याखाली एक पाय नाही. पॅरा-सायकलिंगमध्ये ट्रॅक धरू की रस्ता, असं विचारत होती. म्हटलं, आधी गट बघ. हँडसायकल आणि तीनचाकीवाल्यांना ट्रॅकवर स्पर्धाच नाहीत. तिथे फक्त सी१ ते सी५, म्हणजे साधी दुचाकी सायकल चालवणाऱ्यांचे गट, आणि दृष्टिबाधितांची टँडम, म्हणजे दोघांनी मिळून चालवायची सायकल. तू सी गटातली, दोन्हीकडे चालशील.

सरावाला पहाटेचा पाम बीच रोड फुकट आहे. २५० मीटरचा लाकडी ट्रॅक गाठायचा तर दिल्ली! वर सायकल वेगळी घ्यायची, तिला ब्रेक नाही, चाक फिरतंय तोवर पेडलही थांबत नाही; कृत्रिम पायाला हे जड जातं.

पॅरिस २०२४ पॅरालिम्पिकमध्ये आपली पॅरा-सायकलपटू ज्योती गडेरिया दोन्हीकडे उतरली. पण नोकरी सांभाळायची असेल तर रस्ता; दिल्लीत महिनोन्‌महिने राहता येत असेल तरच ट्रॅक.