मणके जोडल्यानंतर लागणाऱ्या वस्तू आणि नौपाड्यातील एक दुकान

कमरेचे मणके जोडण्याची, म्हणजे स्पायनल फ्यूजनची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला पाठदुखीसाठी काय घ्यावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात, परंतु दुखणे ओसरल्यावर जो ताठरपणा मागे राहतो त्यासाठी काय घ्यावे हे सांगणारे फारसे भेटत नाहीत. ठाण्याच्या नौपाड्यात, गोखले रस्त्याला लागून असलेल्या एका गल्लीतील सर्जिकल सामानाच्या दुकानातून मी अशा काही वस्तू घेतल्या. त्या वस्तूंविषयी आणि त्या दुकानाविषयी हे लिहीत आहे.

माझे चौथा कंबरमणका ते माकडहाडाच्या वरचा भाग, म्हणजे एल-४ ते एस-१, असे दोन सांधे जोडलेले आहेत. टायटॅनियमचे स्क्रू आणि सळ्या हाडे एकजीव होईपर्यंत मणके जागच्या जागी धरून ठेवतात, आणि हाडे एकजीव व्हायला साधारण सहा महिने ते वर्ष लागते. तो भाग वाकत नाही, कारण तो वाकू नये यासाठीच शस्त्रक्रिया केलेली असते. ताठरपणा हा बिघाड नसून उपचाराचाच भाग आहे. मात्र कंबर पुढे वाकते ती मुख्यतः याच खालच्या दोन सांध्यांत. म्हणून पुढचे वाकणे खुब्यातून करावे लागते, आणि मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतील तर तेही पुरेसे होत नाही. ज्यांची पाठ छातीच्या मणक्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत जोडलेली असते, त्यांची अडचण माझ्यापेक्षा कितीतरी मोठी असते.

हा ताठरपणा मोजण्यासाठी ‘लंबर स्टिफनेस डिसॅबिलिटी इंडेक्स’ नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली आहे. पायात कपडे घालणे, मोजे-बूट घालणे, आंघोळ, शौचानंतरची स्वच्छता अशा साध्या गोष्टींविषयी त्यात विचारलेले असते. माझ्या फिजिओथेरपिस्टने ती माझ्याकडून भरून घेतली होती, आणि खरेदीची यादी मी तिच्यावरूनच केली.

दुकानात शिरताच काउंटरवरच्या गृहस्थांनी विचारले, “काकू, पाठीसाठी ना?” आणि माझे उत्तर येण्याआधीच कमरेचे तीन पट्टे समोर मांडले. पट्टा हवा की नको, आणि हवा तर किती दिवस, हे शल्यचिकित्सकाने ठरवायचे असते. मला तो सोडायला सांगून बराच काळ झाला होता. हे सांगितल्यावर मात्र त्यांनी पट्टे मुकाट्याने आत ठेवले आणि आतल्या खोलीतून खऱ्या कामाच्या वस्तू काढल्या.

सर्वांत उपयोगी ठरला तो उचलण्याचा लांब चिमटा. बत्तीस इंच लांबी, मुठीत दाबायचा खटका, टोकाला रबरी चकत्या आणि एक लहानसे लोहचुंबक. खाली पडलेला नॅपकिन, दाराशी टाकलेले वर्तमानपत्र, फ्रिजखाली सरकलेले बाटलीचे झाकण हे सर्व त्याने सहज उचलता येते. साडीचा घोळ पायाशी वर-खाली झाला असेल तर उभ्यानेच ओढून सारखा करता येतो. ही सोय कोणत्याही जाहिरातीत लिहिलेली नाही, पण मला तीच रोज लागते. मात्र अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी त्यातून हमखास निसटते, ओली असेल तर नक्कीच. त्यावर उपाय म्हणजे दाराच्या कडीला कापडी पिशवी अडकवून ठेवणे. ओट्याखालच्या गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर चिमट्याने फिरवण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. तिथे एक गुडघा जमिनीवर टेकून, पाठ सरळ ठेवून बसणे हाच मार्ग आहे. किंमत साडेपाचशे रुपये पडली आणि ती मला रास्त वाटली.

कमोडची उंची वाढवणारी बैठक घेताना जास्त सावध राहावे लागते. ती दोन, चार आणि सहा इंचांत मिळते. बसता-उठताना कंबरेतून पुढे झुकावे लागत नाही, हा तिचा मोठा लाभ आहे. परंतु भिंतीत बसवलेल्या लहान आकाराच्या कमोडवर काही बैठका नीट बसत नाहीत आणि डुगडुगतात, जे ताठ पाठीच्या माणसाला वाकण्यापेक्षाही धोक्याचे आहे. कमोडच्या कडेवर वर्तमानपत्र ठेवून त्याचा आकार कापून न्यावा आणि दुकानात ताडून पाहावे. आणखी एक गोष्ट मला घरी आल्यावरच कळली: बैठक उंच झाली की कमोडच्या आतल्या जेटचे पाणी योग्य जागी पोहोचत नाही. मग मागे हात नेऊन तांब्याने धुवायचे तर कंबर पिळावी लागते, आणि तेच तर करायचे नसते. तेव्हा बैठकीसोबत हाताने धरायचा जेट बसवून घेणे आवश्यक समजावे. त्याखेरीज ही खरेदी अर्धवट राहते.

आंघोळीसाठी रबरी बुडांचे, पाय कमी-जास्त करता येणारे स्टूल चांगले आहे. पण आपण उंच बसलो आणि बादली खालीच राहिली तर प्रत्येक तांब्यासाठी वाकावे लागते. म्हणून बादलीलाही पाट किंवा दुसरे स्टूल हवे, आणि भरलेली बादली उचलण्याऐवजी रिकामी बादली वर ठेवून नळीने भरावी. लांब दांड्याचा ब्रश पावलांपर्यंत पोहोचतो. पायाच्या बोटांमधली जागा मात्र त्याने नीट साफ होत नाही.

मोजे घालण्याचे साधन नोकरीवर बूट घालून जाणाऱ्यांनी घ्यावे, चप्पल वापरणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही. आसनावर ठेवून बसल्या जागी वळता येते अशी फिरती गादी मोटारीत बसताना बरी आहे, पण रिक्षात ती घोडबंदर रस्त्याच्या प्रत्येक गतिरोधकाला सरकते. रिक्षात आधी आसनावर बसून मग दोन्ही पाय एकत्र आत घेतले की गादीवाचून चालते.

दुकानाविषयी सांगायचे तर, वस्तू हातात घेऊन, बसून, उठून पाहू देण्याची त्यांची तयारी ही सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. ऑनलाइन मागवताना हे शक्य नसते. उणीव म्हणजे दाराच्या दोन उंच पायऱ्या. त्यांना कठडा नाही. वॉकर विकणाऱ्या दुकानात वॉकर घेऊन शिरता येऊ नये, हे अनाकलनीय आहे. शौचालयाच्या वस्तू परत घेत नाहीत, आणि स्वच्छतेच्या दृष्टीने ते योग्यही आहे, परंतु तसे पैसे देण्यापूर्वी सांगायला हवे होते. मला ते पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले आढळले. वॉकर आणि घडीची कमोड खुर्ची तेथे अनामत रक्कम घेऊन महिन्याच्या भाड्याने मिळते. घरी भारतीय पद्धतीचे शौचालय असेल तर पहिल्या काही आठवड्यांसाठी विकत घेण्यापेक्षा ती खुर्ची भाड्याने आणणे परवडते, फक्त आणताना तिच्या चारही पायांची रबरे शाबूत आहेत ना, हे तिथेच तपासून घ्यावे.