आयुष्मान–आरोग्य कर्नाटक कार्ड आणि तातडीचं औषध: खाटेवर चोख, काउंटरवर कोरडं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ‘आयुष्मान कार्ड’ म्हटलं की अनेकांना वाटतं, कार्ड दाखवलं की कुठल्याही मेडिकलमधून औषध फुकट. हा गैरसमज रात्री अकरानंतर महागात पडतो. म्हणून हे परीक्षण योजनेच्या एकाच अंगाचं आहे: अचानक गरज पडली तर औषध मिळतं का, कुठल्या खिडकीवर आणि कुठल्या कागदावर. बेड, ऑपरेशन, जेवण हे विषय बाजूला ठेवले आहेत.

निकाल आधीच सांगून टाकतो. पेशंट दाखल असेल तर पाचपैकी चार गुण. बाह्यरुग्ण असेल तर शून्य, आणि त्यात खिडकीवरच्या फार्मासिस्टचा काही दोष नाही, योजनाच तशी आखली आहे. घरी सोडल्यानंतरच्या दिवसांना अडीच, तेही विचारणाऱ्यालाच.

राज्याची आरोग्य कर्नाटक योजना २ मार्च २०१८ ला सुरू झाली आणि ३० ऑक्टोबर २०१८ ला केंद्राच्या आयुष्मान भारतमध्ये मिसळली. कारभार सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्टकडे. बीपीएल रेशन कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. एपीएल कुटुंबाला पॅकेजच्या, म्हणजे उपचाराच्या ठरलेल्या एकत्रित दराच्या, ३० टक्के, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत. म्हणजे एपीएलवाल्याला ७० टक्के आपल्याच खिशातून भरायचे असतात, हे दाखल होताना कुणी नीट सांगत नाही आणि बिलाच्या वेळी भांडण होतं.

आता तातडीचं. एरवी खासगी रुग्णालयात योजनेतून जायचं तर सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं. मूळ यादीत १,६५० उपचार, त्यातले १७१ ‘तातडीचे’. या १७१ साठी रेफरल लागत नाही, योजनेत नोंदलेल्या रुग्णालयांच्या यादीवरच्या कुठल्याही रुग्णालयात थेट दाखल होता येतं. रात्री ताप, उलट्या, पोटदुखी हे घरच्यांना तातडीचं वाटतं, पण ‘तातडीचं’ काय हे उपचारांच्या यादीतला कोड (उपचाराचा क्रमांक) ठरवतो. कोड बसला नाही तर खासगीतला कॅज्युअल्टीचा खर्च, सलाईन आणि इंजेक्शनांसह, रोखीने भरावा लागतो. म्हणून गाडी कुठे वळवायची याचा साधा नियम: छातीत कळ, अपघात, भाजणं, अर्धांग अशा प्रसंगी यादीवरचं जवळचं मोठं रुग्णालय, बाकी बहुतेक वेळा तालुका रुग्णालय किंवा बेळगावचं सिव्हिल, कारण तिथे कोड बसो न बसो, केसपेपरवर औषध मिळतं.

दाखल झाल्यावर पॅकेजमध्ये औषधं, तपासण्या, सलाईनचं सामान, इम्प्लांट सगळं धरलेलं असतं. वॉर्डची नर्स इंडेंट (औषधांची मागणी) लिहिते, रुग्णालयाची फार्मसी वॉर्डात औषध पाठवते, नातेवाइकाचा काउंटरशी संबंध येऊच नये. काम असं चाललं तर योजना उत्तम. बिघडतं ते तीन जागी.

पहिली जागा नोंदणीआधीची. आधार आणि रेशन कार्ड आणायला घरी माणूस गेलाय, आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयात बसणारा योजनेचा माणूस, रात्री टेबलावर नाही, तोवर ‘हे घेऊन या’ म्हणून चिठ्ठी हातात. केंद्राच्या नियमांत दाखल होण्याआधीच्या ३ दिवसांचा खर्चही पॅकेजमध्ये धरतात, तेव्हा त्या चिठ्ठीवरची औषधंही त्यातच यायला हवीत. कागद येईपर्यंत पैसे भरावेच लागले तर बिल पेशंटच्या नावाने, तारीख-वेळ आणि बॅच नंबरसह घ्या. नातेवाइकाच्या नावाने काढलेलं बिल पुढे कामाला येत नाही.

दुसरी जागा ‘स्टॉक नाही’. रुग्णालयाच्या फार्मसीत एखादं अँटिबायोटिक संपलं की बाहेरून आणायला सांगतात. संपणं समजू शकतं, पण ते आणून देणं रुग्णालयाचं काम आहे, कारण त्याचे पैसे पॅकेजमधून त्यांनाच मिळणार असतात. अशा वेळी डॉक्टरशी हुज्जत घालू नका. आरोग्यमित्राला चिठ्ठीचा फोटो पाठवा आणि १४५५५ या योजनेच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. मेरोपेनेमसारखं महागडं अँटिबायोटिक असेल तर रक्कम इतकी मोठी होते की या दोन फोनांचा कंटाळा करू नये.

तिसरी जागा डिस्चार्ज. तिच्याकडे शेवटी वळू.

दाखल नसलेल्या पेशंटचं काय? शुगरची गोळी संपली, फिटची गोळी संपली, आज रविवार. इथे विमा संपतो आणि औषध कायदा सुरू होतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम १९४५ मधला नियम ६५ दुकानदाराला बांधतो. शेड्यूल एच (चिठ्ठीवरच विकायच्या औषधांची यादी) मधलं औषध चिठ्ठीशिवाय नाही. चिठ्ठीवर डॉक्टरची सही, तारीख, पेशंटचं नाव-पत्ता, मात्रा आणि एकूण किती हवं. एका चिठ्ठीवर एकदाच औषध, डॉक्टरने पुन्हा द्या असं लिहिलं असेल तरच पुन्हा. औषध दिल्यावर दुकानाचं नाव आणि तारीख चिठ्ठीवर टाकायची. आणि लोकांना सर्वांत खटकणारी अट: चिठ्ठीवर लिहिलेल्या ब्रँडऐवजी दुसरा ब्रँड दुकानदाराने आपल्या मनाने देता येत नाही, आतलं औषध तेच असलं तरी. डॉक्टरने नुसतं जेनेरिक, म्हणजे औषधाचं मूळ, नाव लिहिलं तर प्रश्न उरत नाही, म्हणून ते लिहून मागा.

शेड्यूल एच-१ मध्ये आणखी कडक. १ मार्च २०१४ पासून ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, कोडीन, मेरोपेनेम अशा औषधांसाठी वेगळं रजिस्टर. त्यात डॉक्टर, पेशंट, औषध, नग यांची नोंद आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपायचं. दुकानदार पत्ता विचारतोय म्हणून चिडण्यात अर्थ नाही. न विचारता देणाऱ्या दुकानाबद्दल मात्र आमचं मत वाईट आहे.

आपल्या कायद्यात ‘ओळखीचा पेशंट आहे, तीन दिवसांपुरतं द्या’ असं कलम नाही. अमेरिकेतल्या मेडिकेड या सरकारी योजनेत आधी मंजुरी लागणाऱ्या औषधाबद्दल २४ तासांत उत्तर द्यायचं आणि तातडीच्या वेळी ७२ तासांचं औषध द्यायचं, असं केंद्रीय कायद्यातच लिहिलंय. आपल्याकडे ही पोकळी ओळखीचा मेडिकलवाला दोन गोळ्या कापून देऊन भरतो. माणुसकी म्हणून ठीक, नियमात बसत नाही, आणि कापलेल्या पट्टीवर एक्सपायरी नसली तर धोक्याचंही.

कायद्यातली पळवाट नव्हे, चांगला रस्ता आहे, तो कमी लोक वापरतात. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार नोंदणीकृत डॉक्टर सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो मेसेजवर पाठवू शकतो आणि ती चिठ्ठी चालते. नेहमीच्या डॉक्टरला फोन, व्हॉट्सॲपवर चिठ्ठी, दुकानात मोबाइल दाखवून तिची प्रत पुढे करायची, झालं. फोटोत सही, नोंदणी क्रमांक आणि तारीख दिसली पाहिजे. अल्प्राझोलाम, डायझेपामसारख्या नशा-नियंत्रण कायद्याखालच्या गोळ्या आणि शेड्यूल एक्स या सर्वांत कडक यादीतली औषधं या वाटेने मिळत नाहीत. त्यासाठी सरकारी रुग्णालयाची कॅज्युअल्टी आणि तिथला केसपेपर.

इन्सुलिनबद्दल थोडं सविस्तर, कारण रात्रीच्या घाईत इथेच चूक होते. बाटली बहुतेकदा दर मिलीला ४० युनिटची असते, पेनची काडतुसं १०० युनिटची. सिरिंजही दोन: लाल टोपीची ४० ची, केशरी टोपीची १०० ची. ४० च्या बाटलीतून १०० च्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर पेशंटला मिळतात फक्त ८ युनिट, शुगर उतरत नाही आणि घरचे म्हणतात स्वस्तातलं इन्सुलिन बोगस. उलट १०० चं औषध ४० च्या सिरिंजने घेतलं तर २० च्या जागी ५० जातात, आणि हे जिवावर बेततं. नवीन दुकानातून घेताना बाटली आणि सिरिंज दोन्ही काउंटरवर शेजारी ठेवून आकडा जुळवा. बर्फाला चिकटलेली, गोठलेली बाटली परत करा. उघडलेली साधारण २८ दिवस चालते.

काही औषधांच्या मागे मेडिकलभर फिरूच नये. सापाच्या विषावरची लस, म्हणजे प्रतिविष, त्यातली पहिली. भीमगडच्या जंगलालगतच्या वाड्यांत साप चावणं नवं नाही, आणि फेब्रुवारी २०२४ पासून कर्नाटकात सर्पदंशाची नोंद कळवणं बंधनकारक आहे. सरकारी रुग्णालयात लस मोफत. विष चढल्याची लक्षणं दिसली की सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या लागतात, मुलालाही तेवढ्याच, आणि शेजारी ॲड्रेनालिन तयार ठेवावं लागतं. नातेवाइकाने दुकानातून दोन कुप्या आणून काही साधत नाही. लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरच काम करते, घाटातल्या चापड्यावर नाही. निघण्याआधी तालुका रुग्णालयाला किंवा १०८ वाल्यांना ‘लस किती आहे’ एवढा एक प्रश्न विचारला तर एक चक्कर वाचते.

दुसरं, हार्ट अटॅकमधलं गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज. पुनीत राजकुमार हृदय ज्योती योजनेत नेमलेल्या तालुका रुग्णालयांत ते मोफत देतात. बाहेर हेच तीस हजारांच्या आसपास जातं. वजनावर मात्रा, ६० किलोच्या आत ३० मिलिग्रॅम, ९० च्या पुढे ५०, एकाच झटक्यात शिरेतून. वेळ जाईल तसा उपयोग घटतो, म्हणून बेळगावच्या मोठ्या रुग्णालयाच्या हट्टापायी वाटेतलं नेमलेलं केंद्र ओलांडून जाणं शहाणपणाचं नाही. आपला तालुका त्यात आहे का, हे आजच विचारून ठेवा.

सीमेवरचा गुंता वेगळाच. निपाणीचा माणूस सवयीने कोल्हापूर-मिरज गाठतो. चिठ्ठीला सीमा नाही, कोल्हापूरच्या डॉक्टरची चिठ्ठी निपाणीच्या मेडिकलमध्ये चालते. कार्डाचं तसं नाही. पोर्टेबिलिटी, म्हणजे कार्ड दुसऱ्या राज्यात चालण्याची सोय, केंद्राच्या यादीतल्या कुटुंबाला आहे, राज्याने आपल्या पैशाने वाढवलेल्या यादीतल्यांनी ती गृहीत धरू नये. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी खुली करण्याचा निर्णय घेतला, कर्नाटक सरकारने त्याला विरोध केला. राजकारण आपल्या जागी. रात्रीच्या वेळी त्या निर्णयाच्या भरवशावर गाडी काढण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला फोन करा.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्री कामगारांनी एवढं लक्षात ठेवावं: पगार २१,००० च्या आत असेल आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल तर बाह्यरुग्ण औषधंही ईएसआय दवाखान्यातून मिळतात. या एका बाबतीत ईएसआय आयुष्मानपेक्षा सरळ सरळ सरस आहे, आणि तरी लोक खिशातून बीपीच्या गोळ्या घेत बसतात. सहकारी सोसायटीच्या सभासदांची यशस्विनी मात्र आयुष्मानसारखीच, दाखल पेशंटपुरती.

आता डिस्चार्ज. केंद्राच्या नियमांत घरी सोडल्यानंतर १५ दिवसांपर्यंतची औषधं पॅकेजमध्ये आहेत. प्रत्यक्षात पाच दिवसांच्या गोळ्यांची पिशवी देऊन ‘बाकी बाहेर घ्या’ म्हणतात. डिस्चार्ज समरीवर सही करण्याआधी औषधांची यादी आणि पिशवीतले नग जुळवून मोजा: दिवसातून दोनदा असेल तर १५ दिवसांना ३० गोळ्या. कमी असतील तर तिथेच मागा, घरी जाऊन केलेल्या फोनाला वजन नसतं.

स्टेंट घातलेल्यांसाठी सोळावा दिवस खरा अवघड. क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन मध्येच थांबलं तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. योजना संपलेली, जुनी चिठ्ठी एकदा वापरलेली. म्हणून सुट्टी होतानाच डॉक्टरकडून जेनेरिक नावाने वेगळी चिठ्ठी घ्या आणि त्यावर ‘दरमहा, सहा वेळा द्यावे’ असं स्पष्ट लिहून घ्या, म्हणजे जन औषधी केंद्र असो की कोपऱ्यावरचं मेडिकल, दुसऱ्या महिन्यात कुणाला नाही म्हणता येणार नाही.