मतलेखन शिकायचं आहे: कार्यशाळा बरी की वाचकांची पत्रं?

वर्तमानपत्रात छापून येईल असा मतलेख लिहायला शिकायचं, तर कोल्हापुरात दोन वाटा सहज हाताशी आहेत. एक शनिवार-रविवारची लेखन कार्यशाळा, दुसरी दैनिकांतलं वाचकांच्या पत्रांचं सदर. मी दोन्हींतून गेलो आहे. शिवाजी विद्यापीठातला पत्रकारितेचा अभ्यासक्रम इथे धरलेला नाही. बातमीदारीत नोकरी करायची असेल त्यांनी तिकडेच चौकशी करावी.

कार्यशाळेचं देणं आधी मान्य करतो. सातशे-आठशे शब्दांचा लेख उभा कसा करायचा, एका लेखात एकच मागणी का ठेवायची, हे तिथे नीट शिकवतात. पत्रांच्या सदरात शिकवणारं कोणी नाही. पत्र छापलं नाही तर का नाही, तेही कळत नाही. लिहायला बसायचीच धास्ती वाटत असेल, तर कार्यशाळेचा आधार बहुधा बरा पडेल.

पण तिथली एक गोष्ट मला शेवटपर्यंत खटकत राहिली. वर्गातले सगळे एकाच बाजूचे. कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करू नये, इकडचा पूर वाढेल, असा लेख कोल्हापुरातल्या वर्गात वाचला तर विरोध कोण करणार? माना डोलतात आणि चर्चा भाषेवर सरकते. ओघ छान आहे, शेवट जमलाय. हे वाचून कुणाचं मत हललं का, हे विचारलं जात नाही. विचारलं तरी उत्तर देऊ शकणारा माणूस त्या खोलीत नसतो. पैसे भरून शिकायचं ते मन वळवायला, आणि आधीच वळलेल्या मनांसमोर! मला हे फार जाचलं.

पंचगंगेच्या निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, नवं बांधकाम नको, असा लेख मी वर्गात वाचला होता. २०१९ आणि २०२१ चे महापूर सगळ्यांनीच पाहिलेले, त्यामुळे शाबासकी मिळाली. तोच मुद्दा आटवून पत्र म्हणून पाठवला. तो छापून आला आणि काही दिवसांनी त्याच सदरात उत्तर आलं. लिहिणाऱ्याने प्लॉट घेतला तेव्हा तो रीतसर एनए, म्हणजे बिगरशेती, होता, रेषा नंतर आखली गेली. कर्जाचे हप्ते चालू आहेत, आता या जमिनीचं मी काय करू, एवढंच त्याने विचारलं होतं. या सवालाला बगल देणारा लेख कितीही ओघवता असला तरी त्याला पटणार नव्हता. पुढचा लेख मी त्याच्या भरपाईपासून सुरू केला, बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देण्याची मागणी आधी मांडली आणि बांधकामबंदी त्यानंतर आणली. मतलेख म्हणून स्वीकारला गेला तो हा.

पत्रांना कात्री लागते, अशी अनेकांची तक्रार असते. मला तर तीच शिकवणी वाटते. आपली प्रत आणि छापील पत्र शेजारी ठेवून पाहा. ‘गेल्या अनेक वर्षांपासून’ने सुरू होणारी प्रस्तावना बहुतेक वेळा उडालेली असते. आकडा, ठिकाण आणि कोणी काय करावं ही मागणी तेवढी शिल्लक असते.

प्रत्येकाची गरज वेगळी, तरी कुणी विचारलंच तर मी आधी काही महिने पत्रं लिहा म्हणेन. कार्यशाळा नंतरही करता येते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं, की पुरावरचं पत्र त्याच दिवशी पाठवा. पूर ओसरल्यावर त्या विषयाला जागा मिळणं अवघड. एका वेळी एकाच दैनिकाला पाठवा, आणि खाली पूर्ण नाव, पत्ता, फोन नंबर लिहा.