आखूड गाडी, छोटा ट्रेलर: दोन वर्षांची ओढाताण

दोन वर्षं आणि जवळपास १४,००० किलोमीटर ओढून झाल्यावर हे लिहिते आहे. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक उतरलं असतं, तिसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या.

आधी जोडी कोणती ते सांगते. पुढे दोन दरवाजांची जीप रँग्लर, ३.६ लिटरचं पेट्रोल इंजिन, आठ गिअरचा ऑटोमॅटिक. मागे एका ॲक्सलचा (म्हणजे दोनच चाकांचा), थेंबाच्या आकाराचा ट्रेलर. आत दोघांपुरती गादी आणि मागचं झाकण वर उचललं की स्वयंपाकाचा ओटा. ट्रेलरच्या कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या आकाराचे बहुतेक ट्रेलर आतून एकमेकांची भावंडंच असतात, आणि माझं जे काही म्हणणं आहे ते या जोडीबद्दल आहे.

"ओढते का गं?" हा प्रश्न मला सगळे विचारतात. ओढते की! २८५ हॉर्सपॉवरला सातशे किलो म्हणजे किरकोळ. चढावर तर मागे काही आहे हे मी विसरूनच जाते, आणि घोळ होतो तो तिथे. ओढण्याचं कोडं इंजिनाने कधीच सोडवलेलं असतं. आपण बघायचं ते मागचा ट्रेलर पुढच्या गाडीला कुठे ढकलतो.

तिसऱ्या महिन्यातली गोष्ट. लांबलचक उतार, रुंद रस्ता, वेग १०५. शेजारून एक बस गेली. तिच्या हवेने ट्रेलर आधी बाहेर लोटला आणि बस पुढे सरकली तसा आत खेचला. स्टेअरिंग हातात एकदम हलकं झालं. डावीकडच्या आरशात ट्रेलरचा कोपरा दिसला, मग उजवीकडच्या, मग परत डावीकडच्या, आणि दर खेपेला थोडा जास्त. बाजूला बसलेला दादा ओरडला, "ब्रेक मार!" मी मारला नाही. ते धैर्य वगैरे काही नव्हतं, पाय गोठला होता इतकंच. पण तेच बरोबर ठरलं. अशा वेळी जोरात ब्रेक मारला तर गाडी थांबायला बघते, ट्रेलर मागून ढकलत राहतो आणि मग त्याला जायला बाजूचीच वाट उरते. वेग वाढवून "सरळ करायला" जाणंही तितकंच वाईट. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टेअरिंग सरळ धरायचं, डुलण्याचा पाठलाग करायचा नाही. तेवढ्यात गाडीची स्वतःची ट्रेलर स्वे कंट्रोल यंत्रणा जागी झाली. ती एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावते आणि इंजिनाचा जोर कमी करते. खालून धडधड जाणवली, आणि ऐंशीच्या आसपास सगळं शांत झालं. पुढचे दहा किलोमीटर आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

ट्रेलर असा डुलतो तो बहुधा नाकावर भार कमी पडला की. म्हणून दुसऱ्या दिवशी मी घरातला माणसांचा वजनकाटा काढला. त्यावर फळी, फळीवर लाकडी ओंडका, आणि ओंडक्यावर ट्रेलरचं नाक, म्हणजे कपलर, प्रवासात बॉलवर (गाडीच्या मागच्या ज्या गोळ्यावर तो अडकतो त्यावर) असतो त्याच उंचीला टेकवला. आकडा आला ३८. सामानासकट ट्रेलर मोठ्या काट्यावर ६९० किलो भरला होता. म्हणजे बॉलवर जेमतेम साडेपाच टक्के. अमेरिकेत सर्रास १० ते १५ टक्के धरतात. बैलगाडीत मागे जास्त पोती पडली की तिला उलाळ गाडी म्हणतात. माझा ट्रेलर उलाळ होता, आणि तसा तो मीच भरला होता.

पण थोडा दोष या आकाराचाही आहे. ओटा मागे, म्हणून भांडी मागे, गॅस मागे, पाणी मागे. हाताशी असावं म्हणून आपण सगळं ॲक्सलच्या मागे रचत जातो. माझे २० लिटरचे तीन कॅन ॲक्सलच्या एक मीटर मागे होते. ते पुढे आणून झोपायच्या जागेत, ॲक्सलच्या हातभर पुढे पट्ट्याने बांधले. आठ किलोची हत्यारांची पेटी ओट्याखालून काढून नाकावरच्या पेटीत टाकली. परत काटा. ७६. सामान तेच, एकूण वजन तेच, आणि बॉलवरचं वजन बरोबर दुप्पट. इतकं साधं काम आधी का केलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

वजनाचा विषय निघालाच आहे म्हणून: ट्रेलरच्या माहितीपत्रकात रिकामं वजन ४८० होतं. काट्यावर रिकामा ट्रेलर ५४५ भरला. विचारल्यावर कळलं की बॅटरी, स्टेपनी आणि ताडपत्रीचं छप्पर त्या ४८० मध्ये धरलंच नव्हतं. बॅटरीशिवाय आणि स्टेपनीशिवाय ट्रेलर कोण नेतं? तुम्ही घ्याल तेव्हा पत्रकावर जाऊ नका, काटा करा.

आता आखूडपणाचं बघू. दोन दरवाजांच्या रँग्लरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर, २४६ सेंटीमीटर, चार दरवाजांच्या गाडीचा ३०१. माझ्या गाडीत मागच्या ॲक्सलपासून बॉलपर्यंत टेपने ११० सेंटीमीटर भरतं. बॉल हा तरफेचा लांब निघालेला हात आहे, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं शाळेतलं गणित: ७६ किलो गुणिले ११० भागिले २४६, म्हणजे पुढच्या चाकांवरून ३४ किलो उचलले जातात आणि मागच्या चाकांवर ११० किलो पडतात. हाच बॉल, एवढ्याच अंतरावर, चार दरवाजांच्या गाडीला लावला तर पुढून २८ किलोच उचलले जातील. फरक सहा किलोचा, फार वाटत नाही. पण हाच हिशेब आडव्या धक्क्यालाही लागू होतो. ट्रेलरने शेपूट बाजूला ढकललं की आखूड गाडी लवकर वळते, कारण तिच्याकडे प्रतिकार करायला लांबी कमी आणि बहुधा वजनही कमी. त्यात ऑफ-रोड टायरच्या उंच, मऊ भिंती. त्याही थोड्या डुलतात.

आणि इथे माझी दुसरी चूक. मागच्या दारावर स्टेपनी असते, दार बाजूला उघडतं. ट्रेलर जोडलेला असताना ते ट्रेलरच्या नाकावरच्या जॅकला अडतं. म्हणून मी ऐटीत लांब दांड्याची हिच (गाडीच्या मागचा, बॉल धरणारा जोड) आणली होती, बॉल १८ सेंटीमीटर आणखी मागे. दार मस्त उघडायचं. ११० चे १२८ झाले होते, हे डोक्यातच आलं नाही. सध्या आखूड दांडा आहे.

गाडीच्या क्षमतेचे आकडे कसे वाचायचे, हेही मला उशिरा समजलं. दोन दरवाजांच्या रँग्लरला अमेरिकेत २००० पौंड, म्हणजे ९०७ किलो ओढायची मुभा आहे. सुझुकी जिम्नी तिच्याहून कितीतरी लहान: व्हीलबेस २२५ सेंटीमीटर, दीड लिटरचं इंजिन, वजन ११०० किलोच्या आसपास. तिला युरोपात ब्रेकवाला ट्रेलर असेल तर १३०० किलो, बिनब्रेकचा असेल तर ३५०. जिम्नी रँग्लरपेक्षा ताकदवान आहे, असा याचा अर्थ कुणी काढू नये. युरोपात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा कमी असते आणि बॉलवर वजनही कमी ठेवायची रीत आहे. अमेरिकेत वेग जास्त आणि बॉलवरचं वजनही जास्त. दोन वेगळे खेळ, दोन वेगळे नियम. मी दोन्हीतला कंजूष आकडा धरते आणि त्याच्याही साधारण पाऊणपटीवर थांबते. सामानासकट ७०० किलो ही माझी लक्ष्मणरेषा.

आता ज्या एका वस्तूबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात ती: कपलरमधला घर्षणाचा स्टॅबिलायझर. हँडल खाली दाबलं की आतली दोन पॅड बॉलला दोन बाजूंनी आवळतात आणि ट्रेलरला सहजासहजी डुलू देत नाहीत. चांगली वस्तू आहे. बस शेजारून गेली तरी आता ट्रेलर नुसता खांदे उडवल्यासारखं करतो. पण जुन्या सवयीने मी बॉलला ग्रीस चोपडलं होतं. ज्याने घासून धरायचं त्यालाच मी तेल पाजलं! पॅड ग्रीस पिऊन बसली, बदलावीच लागली. या प्रकारात बॉल कोरडा ठणठणीत हवा, आणि नवा असेल तर त्याचा रंगही सॅंडपेपरने खरवडून काढायचा. हळू वळताना तो कुईं कुईं ओरडतो. पार्किंगमध्ये लोक वळून बघतात. बघू देत.

स्टॅबिलायझरबद्दल एकच तक्रार: तो खोटं बोलतो. म्हणजे ट्रेलर चुकीचा भरलेला असला तरी साठ-सत्तरच्या वेगाला सगळं छान वाटतं आणि आपण आणखी दाबतो. वेग वाढतो तसं डुलणं आपोआप विरणं कमी होत जातं, आणि एका वेगापुढे ते विरतच नाही, वाढत जातं. पॅड तो वेग थोडा पुढे ढकलतात, एवढंच. म्हणून नवीन सामान भरलं की मी पहिले काही किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर पॅड सैल ठेवून, बेताच्या वेगात जाते. तेव्हाही ट्रेलर सरळ चालला तरच हँडल दाबते. माझा वरचा वेग आता ९०. दादा याला वरात म्हणतो.

वजन वाटून देणारी, स्प्रिंगच्या दांड्यांची हिच मी घेतली नाही. ७६ किलोसाठी तो थाट नको, आणि खडकाळ वाटेवर ते दांडे आधी आपटतात.

ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागणारे आहेत: तो मागून ढकलायला लागला की कपलरचा दांडा आत सरकतो आणि ब्रेक ओढला जातो. सपाटीवर उत्तम. लांब उतारावर मात्र ते सतत थोडे थोडे लागलेलेच राहतात आणि तापतात. खालचा गिअर टाकून सुरुवातीपासूनच हळू उतरायचं. खाली पोचल्यावर चाकाजवळ हात नेऊन बघायचा, लावायचा नाही.

रिव्हर्स. इथे मी हसू करून घेतलं आहे. लोकांना वाटतं, छोटा ट्रेलर म्हणजे मागे घ्यायला सोपा. उलट आहे. लांब ट्रेलर सावकाश वळतो, विचार करायला वेळ देतो. माझा कपलरपासून ॲक्सलपर्यंत २७० सेंटीमीटरचा, त्यात गाडी स्टेअरिंगला चटकन ऐकणारी. एवढंसं वळवलं की दोघं कात्रीसारखे मिटतात. शिवाय ट्रेलर इतका बुटका की सरळ असताना तो स्टेपनीआड गुडूप, आणि आरशात दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

"उजवीकडे घे, उजवीकडे!"

"दादा, उजवीकडे म्हणजे गाडीचं तोंड की ट्रेलरचं शेपूट?"

"अगं, माझं उजवं!"

तो माझ्याकडे तोंड करून उभा होता. ट्रेलर झुडपात गेला. त्यानंतर दोन गोष्टी केल्या. ट्रेलरच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर झेंडा लावलेल्या लवचिक काड्या बसवल्या. आता कोणत्या आरशात कोणती काडी वाढते आहे यावरून कल कळतो. आणि हात स्टेअरिंगच्या खालच्या टोकाला धरायचा: हात जिकडे नेऊ तिकडे ट्रेलर जातो, डोकं लावावं लागत नाही. गवतावर किंवा मातीवर लो-रेंज (चारही चाकं जोडून गाडी अगदी हळू, जोरात चालवणारा गिअर) टाकून रिव्हर्स घेते, गाडी गोगलगाईसारखी सरकते. कोरड्या, टणक डांबरावर मात्र हे करू नका. फोर-व्हील जोडलेलं असताना तीव्र वळण घेतलं की पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ताण गिअरबॉक्सपर्यंत जातो.

कच्च्या रस्त्यावर ही जोडी झकास. आखूड गाडी उंचवट्यावर पोट टेकवत नाही, अरुंद वाटेत वळते. मात्र ट्रेलर वळणाच्या आतल्या बाजूने जातो, त्यामुळे गाडीने चुकवलेला दगड त्याच्या चाकाखाली हमखास येतो. एकदा ओहोळ ओलांडताना गाडी वर चढत होती आणि ट्रेलर अजून खाली उतरत होता, तेव्हा कपलर असा करकरला की मी उतरून वाकून बघितलं. बॉलच्या कपलरला वर-खाली वाकायची हद्द आहे. सतत अशाच वाटांवर जायचं असेल तर तिन्ही अक्षांवर फिरणारी हिच घ्या.

पेट्रोलचं थोडक्यात: हायवेवर एकटी गाडी लिटरला साडेनऊ किलोमीटर द्यायची, ट्रेलरसकट साडेसात. टाकी ६६ लिटरची, मी ४२० किलोमीटरवर पंप शोधायला लागते.

आत ताठ उभं राहता येईल असा ट्रेलर हवा असेल तर ही गाडी घेऊ नका, किंवा ही गाडी असेल तर तसा ट्रेलर घेऊ नका. उंच भिंतीला लागणारा वारा या व्हीलबेसला झेपणारा नाही. झोपायला गादी आणि मागे ओटा एवढ्यावर भागत असेल तर पाचपैकी चार तारे. पाचवा त्या मागच्या दारासाठी कापला. जॅकची मूठ काढली की ते अर्धं उघडतं, आणि अर्ध्या दारातून बर्फाची पेटी तिरकी करून काढावी लागते. मागच्याच सहलीत ती तिरकी करताना झाकण निघालं आणि सगळं गार पाणी दादाच्या बुटात.