लातूरच्या उन्हाळ्यात टिकलेलं लॉन: सिलेक्शन वन, दोन उन्हाळ्यांनंतर

लॉनचा रिव्ह्यू लावल्यावर महिन्याभरात लिहिण्यात काही अर्थ नसतो, कारण महिन्याभरात सगळीच लॉनं हिरवी दिसतात. म्हणून दोन उन्हाळे जाऊ दिले आणि मग लिहायला बसलो. आमचं घर लातूरला आहे, समोर ४०० स्क्वेअर फूट मोकळी जागा, काळी माती, पश्चिमेचं ऊन थेट, नळाला पाणी आठवड्यातून एकदा, आणि बोअर मार्च संपला की गुळण्या टाकायला लागतो. आता जे लॉन आहे ते सिलेक्शन वन, म्हणजे लॉनच्या गवताचं एक वाण. पाचपैकी साडेचार देईन, अर्धा का कापला ते पुढे सांगतो.

आधी पहिल्या लॉनबद्दल, कारण चूक तिथे झाली. जून २०२२ मध्ये एका नर्सरीवाल्याकडून मेक्सिकन ग्रास घेतलं, नाव नको. मी त्याला दोनदा सांगितलं की पाण्याची अडचण आहे, तो म्हणाला काही काळजी करू नका, गालिचा होतो गालिचा, आणि दिसायला खरंच गालिचाच होता, बारीक मऊ पान, गडद हिरवं, पाय ठेवला की दबतं. बाजारात मेक्सिकन म्हणून मिळतं ते बहुतेक झोयसिया गटातलं असतं, आणि झोयसिया काही वाईट गवत नाही, पाण्याचा ताण तेही काढतं. पण ते सावकाश वाढतं, एकदा मार बसला की भरून यायला फार वेळ घेतं, आणि आमच्याकडे ते ज्या पद्धतीनं लावून दिलं ती पद्धतच चुकीची होती. लाल मातीवर वाढवलेल्या गवताच्या शीट आणल्या आणि तशाच आमच्या काळ्या मातीवर अंथरल्या, खालची जमीन खणली नाही की काही नाही, वरून रोलर फिरवला आणि पैसे घेऊन गेले.

२०२३ च्या एप्रिलमध्ये ते पिवळं पडायला लागलं. रोज संध्याकाळी अर्धा तास पाइप धरायचो, म्हणजे दिवसाला ३०० लिटर तरी, आठवड्याला २१०० लिटर, आणि तरी पिवळंच. शेवटी एका कोपऱ्यातली शीट उचलून बघितली तर ती चादर उचलावी तशी अख्खी हातात आली. खाली पांढऱ्या मुळ्या, इंचभराच्या लाल मातीत गोल गोल फिरलेल्या, आणि काळ्या मातीत एकही मुळी उतरलेली नाही. काळी माती खाली दगडासारखी कोरडी, भेगा पडलेली. म्हणजे मी वर्षभर जे पाणी घातलं ते वरच्या इंचभर मातीत थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उडून जायचं. खरंच सांगतो, फार वाईट वाटलं त्या दिवशी. ज्या गावानं एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलंय, त्या गावात मी वर्षभर हवेला पाणी पाजत होतो. वर त्या लाल मातीतून लव्हाळा आला तो वेगळाच, उपटला की पात हातात येते आणि गाठ खाली राहते, आणि आठ दिवसात पुन्हा वर.

मग यावेळी नीट चौकशी केली. पुणे-सोलापूर रोडला उरुळी कांचनच्या आसपास नर्सऱ्यांची रांगच आहे, तिथे एकाकडे गेलो, त्याला जागा, ऊन, माती, पाणी सगळं सांगितलं. त्यानं पहिला प्रश्न विचारला की सावली किती आहे, आणि मग म्हणाला तुम्हाला हरळीच लागेल. सिलेक्शन वन म्हणजे बर्म्युडाचंच निवडलेलं वाण, आणि बर्म्युडा म्हणजे आपली हरळी, गणपतीच्या दुर्वा त्याच. घरी हे सांगितल्यावर वडील खुर्चीतून उठलेच. त्यांची सगळी हयात औसा तालुक्यात शेतात गेली, म्हणाले, "आरं, आमचा जल्म गेला हराळी खोदण्यात, आन् तू पैसे देऊन आणलास व्हय?" त्यांचं बरोबरच आहे, पण शेतकरी ज्या कारणासाठी हरळीला वैतागतो त्याच कारणासाठी ती इथे पाहिजे. पेरापेराला मूळ फुटतं, काही खोडं जमिनीवरून पळतात काही जमिनीखालून, वरचं सगळं वाळलं तरी खालचं जिवंत राहतं. शेतात नांगरटीनंतर उन्हात पडलेल्या हरळीच्या काड्या पहिल्या पावसात पुन्हा रुजलेल्या आपण सगळ्यांनीच बघितल्यात.

त्या नर्सरीवाल्याची सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की ४०० फुटाला ४०० फुटाच्या शीट त्यानं गळ्यात मारल्या नाहीत. ६० फूटच घ्या म्हणाला, माती झटकून धुवून काढा आणि चार-पाच काड्यांचे झुपके करून वीतभर अंतरानं खोचा. पैसे वाचले ते आहेच पण मुख्य म्हणजे लाल मातीचा थर आला नाही आणि लव्हाळाही आला नाही. लावायच्या आधी जमीन कुदळीनं वीतभर खोल खणली, चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू मिसळली, पाणी दिलं, ढेकळं फोडली, सपाट केली. आमच्या दोघांचे तीन रविवार गेले. जुलै २०२३ ला खोचलं आणि मग ऑगस्टमध्ये पाऊस गायब झाला, तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. तेव्हा मात्र टँकर मागवावा लागला, कारण नवीन लावलेलं कुठलंही गवत असो, पहिले दीड-दोन महिने त्याला पाणी लागतंच, दुष्काळ सोसणारं असलं तरी. दिवाळीपर्यंत जमीन झाकली गेली.

आता पाण्याचा हिशोब, कारण आमच्यासारख्यांना मुख्य तेच बघायचं असतं. ४०० स्क्वेअर फुटावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे ३७ लिटर. मी रोज शिंपडणं पूर्ण बंद केलं. एका वेळी ७०० लिटर, म्हणजे पाऊण इंचाच्या आसपास, पहाटे, थांबून थांबून दोन-तीन हप्त्यात, म्हणजे वाहून जात नाही. मग हिवाळ्यात पंधरा दिवस आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये दहा दिवस काहीच नाही. तहान लागली की गवत स्वतः सांगतं, रंग निळसर-राखाडी होतो आणि चालत गेलात की पावलं उमटून राहतात, लगेच वर उठत नाहीत. पाणी किती खोल गेलं ते बघायला लांब स्क्रू ड्रायव्हर मातीत खुपसतो, वीतभर सहज गेला की पुरे.

एप्रिल-मे २०२४ मध्ये बोअर बंद पडला तेव्हा मी ठरवून लॉन झोपू दिलं. तीन आठवड्यातून एकदा ४५० लिटर, तेही आरओचं वाया जाणारं पाणी आणि भाज्या धुतलेलं पाणी ड्रममध्ये साठवून जेवढं जमेल तेवढं त्यातलं. आरओचं पाणी खारट असतं पण हरळी बऱ्यापैकी खारेपणा सोसते, फक्त पावसाळ्यात ते पाणी देत नाही म्हणजे साठलेलं मीठ धुवून जातं. वॉशिंग मशीनचं साबणाचं पाणी मात्र काळ्या मातीत घालू नका, माती आणखी चिकट होते. मे अखेर सगळं गवत वाळलेल्या कडब्याच्या रंगाचं झालं होतं, शेजारी विचारायचे की हेही गेलं का, मलाही धाकधूक होतीच. जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले आणि पाचव्या दिवशी वाळलेल्या पात्यांच्या बुडाशी सुईच्या टोकाएवढे हिरवे कोंब दिसले, मी गुडघ्यावर बसून बायकोला हाक मारली. दहा-बारा दिवसात अख्खं अंगण हिरवं. २०२५ ला मे महिन्यातच पाऊस आला म्हणून तो उन्हाळा मी परीक्षेत धरत नाही.

अर्धा मार्क कापला तो कशासाठी, तर पावसाळ्यात हे गवत दर आठवड्याला कापावं लागतं, नाहीतर खालून काड्या-काड्या दिसतात. मी दीड इंचावर ठेवतो, उन्हाळ्याच्या तोंडावर थोडं उंच, आणि एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापत नाही. दुसरं म्हणजे ते शेजारच्या वाफ्यात घुसतंच, गुलाबाच्या मुळापर्यंत गेलं होतं. मग कडेनं कडप्प्याच्या पट्ट्या अर्धा फूट खोल गाडल्या, आता पट्टीवरून उडी मारणाऱ्या काड्या तेवढ्या विळ्यानं छाटतो. पान मेक्सिकनइतकं मऊ नाही हेही खरं, आणि डिसेंबर-जानेवारीत रंग थोडा उतरतो. ज्यांच्या अंगणात दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन नाही त्यांनी तर हे घेऊच नये.

आमच्याकडेच लिंबाच्या झाडाखालचा कोपरा आहे, तिथे दोनदा लावून बघितलं, दोन्ही वेळा विरळ होत होत गेलं. आता तिथे मुरूम टाकून घेतलाय आणि वडिलांची बाज ठेवलीय, संध्याकाळी ते तिथे बसतात आणि पट्टीबाहेर आलेली हराळी सवयीनं उपटून बाजूला टाकतात.