'गोएस': मांत्रिक म्हणावं की भोंदू?

प्राचीन ग्रीक मजकूर मराठीत आणताना 'गोएस' या शब्दापाशी अडायला होतं. कोशांत मांत्रिक आणि भोंदू हे दोन्ही अर्थ शेजारीशेजारी दिलेले असतात. निवड करायची तर बोलतंय कोण आणि कोणाबद्दल, हे आधी पाहावं.

जुन्या मजकुरात मी 'मांत्रिक'च घेईन. 'गोओस' म्हणजे मृतासाठीचा आक्रोश, आणि गोएस त्याच कुळातला शब्द आहे, म्हणजे त्याचं मूळ मृतांशी जोडलेल्या विधीत दिसतं, फसवणुकीत नाही. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सिथियनांच्या शेजारच्या नेउरी लोकांना गोएतेस (गोएसचं अनेकवचन) म्हणतो. त्यांच्यातला प्रत्येक जण वर्षातून एकदा काही दिवस लांडगा होतो, असं सिथियन शपथेवर सांगतात. हेरोडोटसला ते पटत नाही, पण तिथे 'भोंदू' घातलं तर कथेचा जीवच जातो. प्लेटोच्या 'मेनो' या संवादात मेनो सॉक्रेटिसला ऐकवतो की, परक्या शहरात असं वागलास तर गोएस म्हणून तुला पकडतील. सॉक्रेटिसच्या प्रश्नांनी समोरचा सुन्न होतो, हा आरोप आहे, सोंगाचा नाही. इथे मला 'चेटूक करणारा' सर्वांत जवळचं वाटतं.

भाषणांत आणि इतिहासात मात्र पारडं फिरतं. अथेन्सचा वक्ता डेमोस्थेनिस याचे विरोधक त्याला गोएस म्हणत, ती निव्वळ शिवी होती. ज्यू इतिहासकार जोसीफस थ्यूदास नावाच्या स्वयंघोषित संदेष्ट्याला हेच म्हणतो. आपल्या आज्ञेने जॉर्डन नदी दुभंगेल, असं सांगून थ्यूदासने मोठा जमाव मागे नेला आणि रोमन घोडदळाने त्याचं डोकं उडवलं. इथे 'भोंदू'च.

खरा पेच बायबलच्या नव्या करारातल्या २ तीमथ्य या पत्रात, ३:१३ मध्ये आहे. नव्या करारात हा शब्द फक्त इथेच येतो. पाचच ओव्या आधी मोशेला विरोध करणारे यान्नेस आणि यांब्रेस आहेत. परंपरेने ते मिसरी जादूगार, म्हणजे 'मांत्रिक'ला आधार आहे. पण वाक्य पुढे 'फसवणारे आणि फसलेले' असं जातं, आणि व्हल्गेट या बायबलच्या जुन्या लॅटिन भाषांतरानेही भुलवून वाट चुकवणारे असाच अर्थ घेतला. म्हणून मजकुरात 'भोंदू' ठेवावं आणि जादूगारांचा धागा तळटीपेत द्यावा.

'देवऋषी' कुठेच नको. गावात त्याला मान असतो, गोएसला तो नव्हता. तीमथ्यात 'ठग'ही चालणार नाही. ठगाला आपण फसवतोय हे पक्कं ठाऊक असतं, आणि इथली माणसं स्वतःही फसलेली आहेत.