मानदुखी : कायरोप्रॅक्टिक की व्यायाम?
१८९५ मध्ये अमेरिकेतील डेव्हनपोर्ट येथे डी. डी. पामर यांनी एका बहिऱ्या माणसाचा मणका दाबून त्याला ऐकू येऊ लागल्याचा दावा केला आणि कायरोप्रॅक्टिकचा, म्हणजे मणक्याला हाताने दाब किंवा झटका देऊन उपचार करण्याच्या पद्धतीचा, जन्म झाला. मान नीट बसवली की रक्तदाबापासून दम्यापर्यंत सारे सुधारते, हा समज तेव्हापासूनचा. त्याला भक्कम पुरावा मात्र नाही. मानदुखीपुरते बोलायचे तर या उपचाराचा उपयोग होतो, हे मान्य करावे लागेल.

झटका देताना येणारा ‘कट्’ आवाज हाड जागेवर बसल्याचा नसून सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याचा असतो. आखडलेली मान त्यानंतर काही काळ सैल वाटते, आणि मोह पडतो तो इथेच.

फिजिओथेरपिस्ट शिकवतो ते व्यायाम त्यामानाने कंटाळवाणे : ताठ बसून, नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे घ्यायची, काही सेकंद धरायची आणि सोडायची. तरीही २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मानदुखीच्या २७२ रुग्णांवरील अमेरिकी अभ्यासात, घरी करायचे व्यायाम आणि मणक्यावरील हस्तोपचार (कायरोप्रॅक्टिकचा झटका याच प्रकारातला) हे दोन्ही औषधांपेक्षा सरस ठरले. एकमेकांच्या तुलनेत मात्र फारसा फरक दिसला नाही.

फरक आहे तो धोक्यात. झटक्यानंतर मानेतील धमनीचा आतला थर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. असे क्वचितच घडते आणि कार्यकारणभावाबद्दल मतभेदही आहेत, परंतु फायदा जवळपास सारखाच असेल तर माझा कौल व्यायामाला. हात बधिर होत असतील, तोल जात असेल किंवा अचानक तीव्र मानदुखी उद्भवली असेल, तर हे दोन्ही उपाय बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवावे.